मोबाईलवरचा बाजारही चुकवू नका

तिसगावच्या परिसरातील मण्यार, आतार, तांबोळी, पिंजारी बांधवांना एक नियम कुणी शिकवावा लागत नाही. आठवडे बाजार करणारा माणूस, पाऊस असो की घरी लग्न असो, ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी पाल ठोकतो. दोन बाजार तो दिसला नाही तर गिऱ्हाईक तिसऱ्या बाजारी शेजारच्या पालावर जाते आणि तिथलेच होते. हे पुरते ठाऊक असलेले आमचे व्यापारी मोबाईलवर धंदा मांडला की मात्र हा नियम विसरतात.

रमजानमध्ये शेवया, अत्तर, टोप्या, कपडे यांची छायाचित्रे रोज येतात. ईद झाली की थेट बकरी ईदपर्यंत शुकशुकाट! मध्यंतरी कुणी भाव विचारला तर त्यालाही उत्तर नाही. मग हेच बांधव म्हणतात, ऑनलाइनमध्ये काही दम नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. नगर तालुक्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी 2020 मध्ये, वयाच्या सत्तरीत, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर गावाकडचे पदार्थ दाखवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यासमोर बोलण्याची सवय नव्हती. कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली, पण आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एकामागून एक पदार्थ येत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे चॅनेल कुणीतरी हॅक केले. काही दिवसांनी ते परत मिळाले आणि काम पुढे सुरू झाले. घरच्या मसाल्यांची विक्री त्यानंतरची. आधी हात दाखवला, मग माल विकला, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या कारागिरांकडे दाखवण्यासारखे काय कमी आहे? पिंजाऱ्याने जुन्या गादीतला कापूस पिंजून तो पुन्हा कसा फुलतो ते दाखवावे. मण्याराने दोन-चार आणि दोन-सहा मापातला फरक सांगावा, घरी असलेल्या बांगडीवरून माप कसे घ्यावे ते सांगावे; चुकीच्या मापाची परत येणारी पार्सलेही त्यामुळे कमी होतील. आताराने ब्याडगी मिरचीने रंग येतो आणि लवंगीने तिखटपणा, एवढे सांगितले तरी ती गृहिणी पुढच्या वेळी त्यालाच विचारेल. (मसाला विकणाऱ्याने अन्न सुरक्षा नोंदणी मात्र आधी करून घ्यावी.) आणि कृपा करून भाव लिहा. भावासाठी संपर्क साधा म्हटले की निम्मे गिऱ्हाईक तिथूनच फिरते.

हे सारे आम्ही आताच का लिहितो? फेब्रुवारी 2025 मध्ये येथून जवळच्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो बेकायदा ठरवला, हे खरे. पण यात्रेतल्या विक्रीवर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरांची झोप त्या ठरावाने उडवली, हेही खरे. यात्रेतला हक्क सोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र यात्रेत माल घेऊन गेलेल्या बाईचा नंबर आपल्या वहीत असेल, तर पुढची बांगडी विकण्यासाठी कुणाच्या ठरावाकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

वहीत म्हणतो ते मुद्दाम. चॅनेल हॅक होते, मोबाईल हरवतो, खाते बंद पडते. व्हॉट्सॲपचे स्टेटस 24 तासांत नाहीसे होते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून पालावर आलेल्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देतानाच सांगावे, “ताई, नंबर जतन करून ठेवा, नवा माल आला की कळवतो.” बाजारातली ओळख अशी मोबाईलवर न्यायची.

रोज नवे काही सुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी माल बांधता बांधता एक छायाचित्र आणि दोन ओळी पुरेत. त्या ओळी घरातली शिकलेली मुलगी बापापेक्षा चांगल्या लिहील. तिच्या हाती हे काम द्यायला कमीपणा वाटू देऊ नये. मात्र ज्या संध्याकाळी ठरले, त्या संध्याकाळी ते जायलाच हवे, विक्री झालेली असो वा नसो.