तळटिपेतला अल्बम: 'लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट' आणि एका आठवड्याचा इतिहास

#धागा #संगीतइतिहास

१/
इतिहासाच्या ग्रंथात तळटीप पानाच्या पायथ्याशी असते. रॉक संगीताच्या इतिहासात ती जागा 'साइड प्रोजेक्ट'ला मिळते, म्हणजे मुख्य बँडच्या सुटीत केलेल्या हौशी उद्योगाला. १९९८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेला 'लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट' हा प्रोग्रेसिव्ह मेटल वाद्यसंगीताचा अल्बम आजवर तिथेच ठेवला गेला आहे. हे वर्गीकरण चुकीचे आहे, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

२/
प्रथम पात्रपरिचय. ड्रमवर माइक पोर्टनॉय आणि गिटारवर जॉन पेट्रूची, दोघेही अमेरिकेतील 'ड्रीम थिएटर' या बँडचे संस्थापक. की-बोर्डवर जॉर्डन रुडेस, ज्याचे अभिजात पियानोचे शिक्षण नवव्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत झाले. चौथा टोनी लेव्हिन, 'किंग क्रिमसन' आणि पीटर गॅब्रिएल यांचा साथीदार. गायक एकही नाही.

३/
लेव्हिनचा जन्म १९४६ चा, पोर्टनॉय व पेट्रूची यांचा १९६७ चा. म्हणजे अख्ख्या पिढीचे अंतर. लेव्हिन बेस गिटारबरोबर 'चॅपमन स्टिक' वाजवतो. या वाद्याच्या तारा छेडल्या जात नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांवर आघात करून स्वर काढले जातात. अल्बममधील खालच्या सप्तकातील धावत्या आकृती ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

४/
आता पार्श्वभूमी. १९९२ मध्ये ड्रीम थिएटरच्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बममधील 'पुल मी अंडर' हे गीत रेडिओवर अनपेक्षितपणे गाजले. यशाने बँडला श्रोते मिळवून दिले आणि त्याचबरोबर एक अपेक्षाही गळ्यात बांधली. रेकॉर्ड कंपनीला त्यानंतर तसेच आणखी एक गीत हवे होते.

५/
त्या अपेक्षेचा ताण 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी' या अल्बमवर स्पष्ट दिसतो. दोन सीडींचा बेत कंपनीने नामंजूर केला. एका गीतासाठी बाहेरचा व्यावसायिक गीतकार, डेसमंड चाइल्ड, सहलेखक म्हणून आला. 'मेट्रोपोलिस'च्या दुसऱ्या भागाचा वीस मिनिटांहून मोठा कच्चा आराखडा १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. तो बाजूला पडला. अल्बम सप्टेंबर १९९७ मध्ये बाजारात आला.

६/
नेमक्या त्याच महिन्यात पोर्टनॉय, पेट्रूची, रुडेस आणि लेव्हिन न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक येथील एका स्टुडिओत जमले होते. बोलावणे होते 'मॅग्ना कार्टा' या लहान, प्रोग्रेसिव्ह संगीतालाच वाहिलेल्या कंपनीचे. नामांकित वादक एकत्र आणायचे, थोडे दिवस द्यायचे आणि जे निपजेल ते प्रसिद्ध करायचे, ही तिची रीत. १९९७ मध्येच टेरी बोझिओ, लेव्हिन आणि स्टीव्ह स्टीव्हन्स यांचा अल्बम तिने असाच काढला होता.

७/
वादकांची निवडही सरळ झालेली नव्हती. तुलना टाळावी म्हणून आपल्याच बँडचा गिटारवादक घेणे पोर्टनॉयला सुरुवातीस नको होते. रुडेसची कथा त्याहून बोलकी आहे. १९९४ मध्ये तो ड्रीम थिएटरबरोबर एका कार्यक्रमात वाजवून गेला होता. की-बोर्डवादकाची जागा रिकामी होती, पण त्याने 'डिक्सी ड्रेग्ज'ची वाट धरली आणि ती जागा डेरेक शेरिनियनकडे गेली.

८/
मिलब्रुकमध्ये रचना आणि ध्वनिमुद्रण मिळून काम आठवडाभरात उरकले. 'पॅराडाइम शिफ्ट', 'फ्रीडम ऑफ स्पीच', 'युनिव्हर्सल माइंड' या रचना बांधीव आहेत. 'स्टेट ऑफ ग्रेस' हा गिटार आणि पियानो यांचा शांत संवाद आहे. 'क्रिस अँड केव्हिन्स एक्सलंट अॅडव्हेंचर' या शीर्षकामागे विनोद आहे: एका छायाचित्रकाराने पोर्टनॉय आणि लेव्हिन यांना चुकून क्रिस आणि केव्हिन म्हटले होते.

९/
शेवटी येते 'थ्री मिनिट वॉर्निंग'. नाव तीन मिनिटांचे, लांबी अठ्ठावीस मिनिटांहून अधिक. सुमारे ७४ मिनिटांच्या सीडीतील एक तृतीयांशाहून जास्त जागा या एका उत्स्फूर्त वादनाने व्यापली आहे. ज्यांना असा स्वैरपणा सोसवत नाही त्यांनी आठव्या रचनेनंतर सीडी थांबवावी, असा मिस्कील इशारा अल्बमसोबतच्या मजकुरात आहे.

१०/
आक्षेप तेव्हापासून एकच आहे: हे कसबाचे प्रदर्शन आहे, यात भाव कुठे? आक्षेप संपूर्ण खोटा नाही. काही ठिकाणी वेग केवळ वेगासाठी येतो. गिटार आणि की-बोर्ड यांचे एकस्वरी धावणे कानाला थकवते. परंतु या मोजपट्टीने केवळ रुची मोजता येते. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा असतो: हा पुरावा कशाचा आहे?

११/
हा पुरावा आहे एका ओळखीचा. बांधीव अल्बम म्हणजे संपादित ग्रंथ, आणि 'थ्री मिनिट वॉर्निंग' म्हणजे मूळ दप्तर. एक वादक आकृती मांडतो, दुसरा ती क्षणभर चाचपतो, मग उचलतो. जुगलबंदीतील उपज ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हा व्यवहार लगेच उमगेल. पेट्रूची आणि रुडेस एकमेकांची भाषा शिकत आहेत, हे येथे अक्षरशः ऐकू येते.

१२/
परिणाम पुढे दोन वर्षांत दिसला. १९९९ च्या आरंभी शेरिनियनला ड्रीम थिएटरमधून दूर करण्यात आले आणि रुडेस आला. त्याच वर्षी बाजूला पडलेला तो आराखडा वाढून 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा पूर्ण कथात्म अल्बम झाला. त्यातील 'द डान्स ऑफ इटर्निटी' या वाद्यरचनेत मिलब्रुकचा आत्मविश्वास जाणवतो.

१३/
येथे विजेत्यांच्या इतिहासाचा मोह टाळला पाहिजे. या सुफळ कथेची किंमत एका माणसाने आपल्या जागेने मोजली. शेरिनियन कमी प्रतीचा वादक होता म्हणून ही घटना घडली, असे म्हणण्यास आधार नाही. पुढे २०१७ मध्ये पोर्टनॉयनेच त्याच्यासह 'सन्स ऑफ अपोलो' उभारला, एवढे सांगणे पुरेसे आहे.

१४/
दुसरी सावधगिरी कार्यकारणाची. आधी घडले म्हणून तेच कारण, हा तर्क लंगडा असतो. येथे मात्र क्रमापलीकडचा पुरावा आहे. 'पॅराडाइम शिफ्ट' आणि 'युनिव्हर्सल माइंड' यांचे तुकडे ड्रीम थिएटरने २००४ च्या टोकियोतील बुडोकान मैफलीत आपल्या वाद्यरचनांच्या माळेत गुंफले. मुख्य बँडने तळटीप स्वतःच मूळ मजकुरात घेतली.

१५/
दुसरा अल्बम १९९९ मध्ये आला. त्याच्या कामादरम्यान पत्नीच्या प्रसूतीमुळे पेट्रूचीला जावे लागले. उरलेल्या तिघांचे वादन २००७ मध्ये वेगळे प्रसिद्ध झाले. पोर्टनॉय २०१० मध्ये ड्रीम थिएटर सोडून गेला. महासाथीच्या २०२० मध्ये दौरे थांबले तेव्हा हेच चौघे पुन्हा जमले आणि २०२१ मध्ये तिसरा अल्बम आला. २०२३ मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला.

१६/
मोठ्या कंपनीकडे पैसा होता आणि म्हणून अपेक्षाही होती. लहान कंपनीकडे द्यायला मोजके दिवस होते आणि मागायला जवळपास काहीच नव्हते. पोर्टनॉय आणि पेट्रूची यांची प्रतिभा दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो चुकण्याच्या मुभेने. इतिहासात नवे बहुधा तिथे उगवते जिथे कुणाचे फारसे लक्ष नसते. म्हणून वाचकांनी ग्रंथ उघडताना पानाच्या पायथ्याकडेही पाहावे, आणि अल्बम ऐकताना आठव्या रचनेनंतर थांबू नये.

धागा समाप्त.
#प्रोग्रेसिव्हमेटल #इतिहास #मराठी