आम्ही आणि आपण

फारसीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंना मिळून ‘मा’ हा एकच शब्द. फारसी कथेतले गाव ‘मा’ म्हणून बोलू लागले, की वाचकाला आत धरले आहे की बाहेर ठेवले आहे, हे संदर्भावरूनच ताडावे लागते. मराठीला ही मुभा नाही. ‘आम्ही उपाशी राहिलो’ म्हटले की ऐकणारा बाहेर. ‘आपण’ म्हटले की त्याच्याही पोटात भूक!

फॉकनरने १९३० मध्ये ‘अ रोझ फॉर एमिली’ ही कथा गावाच्या ‘आम्ही’तून सांगितली. आमच्याकडे मात्र हा ‘आम्ही’ कादंबरीपेक्षा अग्रलेखातच अधिक रुळला. लिहिणारा एकटा, पण थाट अनेकांचा! घरात तो बायकांच्या तोंडी असतो : ‘माझा नवरा’ म्हणायला जीभ अडखळते, म्हणून ‘आमचे हे’. उलट जात्यावरच्या ओव्या कितीजणींनी रचल्या याचा पत्ता नाही, आणि त्यांत शब्द मात्र ‘माझा’.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्यांविषयी पुष्कळ लिहून झाले. पण त्यातले बहुतेक ‘ते’ आणि ‘त्यांचे’ या सर्वनामांत. मला म्हणून श्याम पेठकर यांनी लिहिलेले, हरीश इथापे यांनी बसवलेले ‘तेरवं’ महत्त्वाचे वाटते. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ‘आमचे हे’ म्हणायचे ज्यांचे संपले, त्या ‘आम्ही’ म्हणू लागल्या. हा ‘आम्ही’ कुणा लेखकाची युक्ती नव्हे. त्यातली प्रत्येकजण समोर दिसते.

त्यांतल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याच्या गदारोळानंतर हा मान त्यांच्याकडे आला. त्याचा आनंद आहेच. पण नाटकात सोबतिणी असतात, व्यासपीठावर बाई एकटी. तिने ‘मी’ म्हटले तरी सभा ‘आम्ही’ ऐकते. तिचे स्वतःचे शेत, तिची स्वतःची लेकरे त्या गजरात हरवतात.

शिवाय मराठीत ‘आपण’चा आणखी एक अर्थ आहे. परक्या माणसाला आदराने बोलायचे झाले, तरी आम्ही ‘आपण’च म्हणतो. अशा बाईला सभेत ‘आपण दोन शब्द बोलावेत’ अशी विनंती होते, तेव्हा तो ‘आपण’ कोणता, हे तिलाच ओळखावे लागते.