निवृत्तांनो, एक टेबल मांडा!

५८ व्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. "आता आराम करा," सगळेच म्हणाले. तीन महिने केलाही. फिरणं, पेपर, चहा... आणि अकरा वाजले की प्रश्न, आता काय? स्वयंपाकघरात इतकी लुडबुड केली की बायकोने हात जोडले.

मग एक दिवस शेजारच्या आजी पिशवीभर कागद घेऊन आल्या. संजय गांधी निराधार योजनेसाठी तीन हेलपाटे झालेले. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज दिलेला, पण पोहोच घेतलेली नाही. एजंटने पाचशे मागितले होते.

मी ३४ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो. कुठला कागद कुठे अडतो, मला पाठ आहे. आजींना कोण सांगणार?

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास वाचनालयाच्या ओट्यावर बसतो. फॉर्म भरून देतो, कशाच्या झेरॉक्स लागतील ते सांगतो. आणि हेही सांगतो, की राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली जाहीर झालेल्या सेवांना मुदत असते. पोहोच मागून घ्या. मुदत टळली तर त्याच खात्यात दोन अपिलं, नंतर आयोग. नोकरीत असताना हे मी कुणालाही आपणहून सांगितलं नाही, याची आता लाज वाटते.

बसणाऱ्यांसाठी माझे तीन नियम: वेळ पाळायची, एक पैसा घ्यायचा नाही, कुणाचा ओटीपी विचारायचा नाही की मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत.

सरकारलाही एक सांगणं. आमच्या जिवावर रिकामी पदं रिकामीच ठेवू नका, भरती कराच. फक्त कार्यालयाच्या व्हरांड्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या. माणूस खिडकीपर्यंत पूर्ण कागद घेऊन पोचला तर तुमच्या लोकांचाही वेळ वाचेल.

आजींचे पैसे सुरू झाले. पेढा आणून दिला त्यांनी. पण मला खरी गंमत वाटली ती गेल्या आठवड्यात. मंगळवारी पावसामुळे गेलो नाही, तर शुक्रवारी तिघांनी विचारलं, "साहेब, कुठं होता?"

निवृत्तीनंतर असं विचारणारं कुणीतरी पाहिजे हो. शिक्षक, तलाठी, बँकवाले, पोस्टवाले, तुमच्या गावात कोण बसतंय?