विकतचा किल्ला

दिवाळी चार दिवसांवर आली की बेळगाव-निपाणीच्या बाजारपेठांत अलीकडे एक नवा माल मांडलेला दिसतो. प्लॅस्टरचा अथवा फायबरचा, साच्यातून काढलेला, आधीच रंगविलेला, दोन हातांत सहज मावणारा किल्ला! घरी न्यावा, ओसरीवर ठेवावा, वर सिंहासनाधिष्ठित महाराज बसवावेत, की झाला दिवाळीचा किल्ला. या मालाविषयी आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड नाहीत.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. विकत घेण्यास आमचा विरोध नाही. किल्ल्यावरचे मावळे, तोफा, गवळण, वाघ ही मातीची चित्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या कुंभारांकडून विकतच घेत आलो. परंतु चित्रे विकत मिळत असली तरी डोंगर आपला असे. बेळगावची तांबडी माती आणि निपाणीची काळी माती यांचे स्वभाव निराळे. काळी माती वाळताना तडकते, तीत भुसा कालवावा लागतो. विटा-दगडांच्या ढिगावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरले की कडे-कपारी आपोआप पडतात. हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ते थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे, या आळीतून त्या आळीत जात असे. साच्यातल्या किल्ल्याबरोबर यांतले काय घरी येते?

आणि शब्दांचे काय? या भागात १९५६ नंतर मराठीचा प्रश्न सभा, मोर्चे आणि न्यायालये यांतून गाजत राहिला. त्याचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पण आपल्या मुलांच्या तोंडी माची, बुरूज, देवडी, जंग्या, टाके, चोरवाट हे शब्द आले ते ठरावांतून नव्हे, चिखलाने माखलेल्या बोटांतून आले. बुरूज ढासळला की बुरूज म्हणजे काय हे कळते. (यांतले कित्येक शब्द मुळात फारसी-अरबी आहेत, याची शुद्धीकरणवाद्यांनी आठवण ठेवावी, मातीला त्याची कधी अडचण झाली नाही.) शेजारचे कानडी घरातले पोरही त्याच चिखलात हात घालते आणि तेच शब्द शिकते. शाळेची पाटी बदलली म्हणून जे हरपले नाही, ते आपण स्वखुशीने दुकानदाराच्या हाती देत आहोत.

या वादाचा एक जुळा भाऊ सातासमुद्रापार आहे. अमेरिकेत व्हर्न एस्टिस या गृहस्थांनी १९५८ साली डेन्व्हर येथे छोट्या अग्निबाणांची इंजिने करण्याचा उद्योग आरंभिला. पुढे कागदी नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि इवलीशी हवाई छत्री एका पेटीत घालून ती मुलांस विकण्याची प्रथा पडली. त्या जुन्या नामांकित पेट्यांच्या नव्या आवृत्त्या आज निघतात. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या निघतात, चित्रपटांतील यानांचे परवाने घेऊनही निघतात, आणि केस पिकलेले गृहस्थ लहानपणी हुकलेली पेटी आता हौसेने घेतात. जुनेच पुन्हा विकले तर नवे कोण घडविणार, अशी शंका कोणासही यावी. तथापि एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या पेटीतले पंख कापावे लागतात, घासावे लागतात, नेमके चिकटवावे लागतात. पंख वाकडा बसला तर अग्निबाण आकाशात न जाता भलतीकडेच जातो. पेटी विकतची, पण उड्डाण ज्याचे त्याचे. आयते उडविण्याजोगे नमुनेही तेथे मिळतात, नाही असे नाही. आम्ही मात्र पेटीची पायरीच ओलांडली आणि एकदम आयत्या वस्तूवर येऊन बसलो.

गोव्यातील आमच्या कोंकणी वाचकांनी येथे हसू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळावयाच्या नरकासुराचे तोंडही आता बाजारात तयार मिळते. जो असुर स्वतःच्या हातांनी उभा केला नाही, तो जाळण्यात पुरुषार्थ तो कोणता?

कोणी म्हणतील, सदनिकेत राहणाऱ्याने माती आणावी कोठून, आणि आईबापांस वेळ कोठे? प्रश्न खरा आहे. पण भाद्रपदात शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरणारे आणि प्लॅस्टरच्या मूर्तीला नाके मुरडणारे आपणच, आश्विनात त्याच प्लॅस्टरचा किल्ला घरी आणतो, ही विसंगती कोणत्या सदनिकेच्या माथी मारावयाची? मातीचा किल्ला दिवाळी सरली की पुन्हा माती होतो. प्लॅस्टरचा माळ्यावर जातो, नाही तर गटारात.

साच्याचा आणखी एक दोष आम्हांस अधिक टोचतो. त्यातून त्याच चार नामांकित गडांच्या ओबडधोबड नकला निघतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतील जिंजी. आनंदाची गोष्ट. पण आपल्या उंबऱ्याजवळच्या गडांचा साचा कोणी काढणार नाही. संकेश्वराजवळचा वल्लभगड महामार्गावरून रोज किती जण पाहतात? १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तो सामानगड, भवानीच्या देवळाचा आणि तानाजीपुत्र रायबाचा पारगड, सिद्धेश्वराचे देऊळ पोटात घेऊन बसलेला येळ्ळूरचा राजहंसगड, हे बाजारात मिळावयाचे नाहीत. ते पाहून येऊनच करावे लागतील.

म्हणून आमचे म्हणणे देवस्थानांच्या विश्वस्त मंडळींपाशी आहे. दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा भरविणाऱ्यांनी साच्यातला किल्ला स्पर्धेत घेऊ नये, एवढा नियम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ज्या देवळास अंगण आहे त्याने मातीची एक गाडी तेथे टाकावी आणि सदनिकांतील मुलांस बोलवावे. चिखल होईल, पायऱ्या धुवाव्या लागतील, पुजारीबुवा कुरकुरतील, कुरकुरू द्यावे. ज्यांना छापील वस्तूच हवी त्यांच्यासाठी कोणी वल्लभगडाचा मापशीर नकाशा पुठ्ठ्यावर काढून द्यावा, कापावयाचे व चिकटवावयाचे काम मुलांवर सोडून. तशी पेटी निघाली तर तिचे पहिले गिऱ्हाईक आम्ही. आणि डोंगरउतारावर हिरवळ हवी असेल तर अळीव वसुबारसेच्या आधी दोन दिवस पेरावे. पाडव्यापर्यंत चांगले वर येते.