बोट कुठे पडलं?

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं वंशावळीवर! अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. यातनं मी काय समजायचं?"

मला हसू आलं, पण गिळलं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलगा बंगळूरला कायम झालाय, सगळ्यांना तिकडे बोलावतोय. बेळगावच्या जुन्या कौलारू घराला गिऱ्हाईक आलंय आणि त्याला महिनाअखेर उत्तर हवंय. नवऱ्याला साखरेचा त्रास, धाकट्या दिराला आपला वाटा हवा, आणि घरात चौऱ्याऐंशी वर्षांची सासू. धारवाडकडची, म्हणून सगळ्यांची 'अज्जी'. तीन आठवडे रोज रात्री कुटुंबप्रार्थना चालू होती, अर्धी कन्नडात, अर्धी मराठीत. शुक्रवारचा उपासही धरला. खूण काही मिळेना.

आपल्या मुलखात देवाला कौल लावायची रीत जुनी. ख्रिस्ती घरात ती बोट ठेवून किंवा चिठ्ठ्या टाकून डोकावते, एवढंच. कोणी टोकलं की गिदोनाच्या लोकरीचा दाखला तयार असतो. पण शास्ते पुस्तक नीट वाचा. काय करायचं ते गिदोनाला देवाने आधीच सांगितलं होतं; लोकर पसरली ती त्याचा धीर होत नव्हता म्हणून. मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली हे खरं, पण त्याआधी शिष्यांनी विचार करून दोनच नावं पुढे आणली होती. आणि त्यानंतर नव्या करारात चिठ्ठ्या टाकून कोणाची निवड झाल्याचं कुठे आढळत नाही.

याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात सांगितलंय की ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं. तिथे ज्ञान म्हणजे पुस्तकी विद्या नव्हे, शहाणपण. मागायचं ते शहाणपण. आपण मागतो तयार उत्तर, तेही महिनाअखेरच्या आत!

या बाबतीत मला पंडिता रमाबाई आठवतात. जन्म 1858 चा, आपल्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. डॉक्टर व्हायचं म्हणून 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ऐकू कमी येई, त्यामुळे वैद्यकीची वाट बंद झाली. त्या शिक्षणाकडे वळल्या आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. वडीलधाऱ्या धर्मगुरूंचा आणि सिस्टरांचा सल्ला त्या ऐकत, वादही घालत. त्यांची पत्रं छापलेली आहेत, त्यात हे दिसतं. निर्णय मात्र स्वतःच्या विवेकाने घेत.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी बायामुलींच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा हाताशी मोठी गंगाजळी नव्हती. त्यांनी प्रार्थना केली, पण खुणेची वाट पाहत पुण्यात बसून राहिल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या, डोळ्यांनी पाहिलं. ऐन तरुणपणी दुष्काळातच आईबाप गमावलेल्या त्या बाईला भूक म्हणजे काय हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिथून शेकडो मुली त्यांनी आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन वाढलं ते त्यांच्यासाठी. प्रार्थना आणि पायपीट या बाईने कधी वेगळ्या मानल्या नसाव्यात, असं मला वाटतं.

हे सगळं मी बहिणीला फोनवर ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, "अज्जींना काय वाटतं?"

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "त्या काय, नाहीच म्हणणार. म्हणून विचारलं नाही."

तीन आठवडे देवाला विचारत होते, आणि शेजारच्या खोलीत खोकत पडलेल्या म्हातारीला कोणी विचारलं नव्हतं! मी जरा फटकन बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

दुसऱ्या दिवशी बहिणीने विचारलं. अज्जी म्हणाल्या, "नन्न यार केळ्यार?" आणि मग भडाभडा बोलल्या. बंगळूरला जायला त्यांची ना नव्हतीच. नातू जवळ असेल, बरंच आहे. त्यांना घोर होता तो दुसराच. आजोबांच्या थडग्याला नाताळाआधी चुना कोण लावणार? आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर? खरी नाराजी निघाली ती नवऱ्याची. आईच्या नावाआड तो लपला होता.

गिऱ्हाइकाला आता थांबायला सांगितलंय. थांबलं नाही तर जाईल. धाकट्या दिराशी वाट्याचं बोलणं व्हायचंय, आणि ते सोपं नाही. चुन्याचं काम मात्र दिराने आपणहून अंगावर घेतलं. पुढच्या महिन्यात अज्जी पंधरा दिवस बंगळूरला राहून बघणार आहेत. मुलाला तळमजल्यावरची जागा शोधायला सांगितलीय. अज्जींनी आपली उशी आणि मोठ्या अक्षरांचं कन्नड बायबल आधीच पिशवीत भरून ठेवलंय.