वर्तनशास्त्राची पदवी व परतीची वाट

अमेरिकेंत जाऊन ‘उपयोजित वर्तन-विश्लेषण’ या विषयाची एम्. एस्. पदवी घेण्याचें ज्या घरांत मुलीच्या मनांत असेल, तेथील वडीलधाऱ्या मंडळींसाठीं हे चार शब्द.

मुलानें एखादी गोष्ट करण्यापूर्वीं काय घडलें व केल्यावर त्यास काय मिळालें, हें रोज टिपून शिकवणुकीची दिशा ठरविणें, हें या शास्त्राचें सार. १९८७ सालीं लोव्हास यांनीं स्वमग्न मुलांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केल्यावर या विद्येचा बोलबाला झाला. (त्या प्रयोगांत शिक्षाही होती, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं.)

पदवीनंतर तेथील प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा असते, व तत्पूर्वीं सामान्यतः २००० तास देखरेखीखालीं काम करावें लागतें. खरी मेख पुढेंच आहे. १ जानेवारी २०२३ पासून हें मंडळ भारतांत राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाहीं. पदवी घेऊन तडक घरीं परतलेल्या मुलीस परीक्षेचें दार बंद! तेव्हां अभ्यासक्रमांतच किती तास भरतात, परीक्षेपर्यंत व्हिसा पुरेल काय, परतल्यावर प्रमाणपत्र चालूं राहील काय, हें फी भरण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें. रंगीत माहितीपत्रकांवर विसंबूं नये.

आपल्याकडे संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याच्या परिशिष्टांत वर्तन-विश्लेषकाचें नांव आलें आहे, एवढें खरें.

जाण्यापूर्वीं मुलीनें जवळच्या विशेष मुलांच्या शाळेंत सहा महिने काम करून पाहावें, असें आम्ही सुचवितों. नुसता चमचा धरावयास शिकविण्यांत तेथें कधीं कधीं महिना जातो.