कराडलाच तर जायचंय!

साताऱ्याहून कराडला जाण्याला आपल्याकडे कुणी प्रवास म्हणत नाही. प्रवास म्हणजे मुंबई, नागपूर, निदान पुणे. पुण्याला जायचे म्हटले की घरात हालचाल सुरू होते. डब्यात काय द्यायचे ते आई आदल्या रात्री ठरवते, वडील "किती वाजताची गाडी?" असे दोनदा विचारतात, आणि शेजारच्या काकू पुण्यातल्या भाचीसाठी पिशवीभर काहीतरी आणून देतात. "कराडला जाऊन येतो" हे वाक्य मात्र आपण चपलेत पाय सरकवता सरकवता बोलतो, आणि आतून "बरं" एवढेच उत्तर येते.

अंतर पन्नास किलोमीटर, थोडे इकडेतिकडे. रस्ता सरळ. मग त्याचा बेत तो काय करायचा? हा प्रश्न मीही विचारत असे; आता विचारत नाही. माझे म्हणणे असे की, जवळच्या प्रवासाचाच बेत अधिक काळजीने केला पाहिजे, आणि तो करताना जाण्याच्या आधी परत येण्याचा विचार केला पाहिजे. वार्षिक अंकात असा विषय काहींना रुक्ष वाटेल. पलीकडच्या पानावर पावसाची कविता असेलच; ती वाचून झाली की इकडे या.

प्रथम त्या रस्त्याविषयी. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'पुना-बेंगलोर रोड'च आहे. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा तो ४८ झाला. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, आणि पुढे शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरी करण्याचे काम निघाले. रस्ता रुंदावला, पण रस्त्याकाठची गावे होती तिथेच राहिली. नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज या गावांत कुणाचे घर रस्त्याच्या एका अंगाला तर रान दुसऱ्या अंगाला. मध्ये दुभाजक. वळायचे तर पुढच्या पुलापर्यंत जाऊन यावे लागते. मग दुधाची किटली लावलेली मोटारसायकल कडेकडेने सरळ उलट्या दिशेने येते. "दोन मिनिटांचं तर काम आहे." आपल्या महाविद्यालयातही रोज असे येणारे आहेत. मला तिघे ठाऊक आहेत. नावे सांगत नाही, कारण त्यांतल्या एकाच्या वहीवरून मी परीक्षेचा अभ्यास करतो.

आणि हंगामात ऊस. आपण उसाच्या मुलखातली मुले. आपल्यापैकी अनेकांची फी कारखान्याच्या बिलातून भरली जाते, म्हणून उसाच्या वाहनाविषयी वाकडे बोलायला जीभ रेटत नाही. पण जे दिसते ते सांगितले पाहिजे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर अडीच पुरुष उंच ऊस, मागे वाढे लोंबत असलेले. त्या वाढ्यांखाली रिफ्लेक्टर असला काय आणि नसला काय. रात्री तो डोंगर तुमच्यापुढे बैलाच्या चालीने जात असतो. ट्रॉलीचे टायर फुटले तर ती जागच्या जागी उभी राहते. गडी उतरतो, चाकाला दगडांची ओट लावतो, मागे आठदहा पावलांवर चार मोठे दगड ओळीने मांडतो. हा त्याचा इशारा. चाक बदलून झाले की ट्रॉली निघून जाते. दगड राहतात.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. मी तेव्हा द्वितीय वर्षाला होतो. कराडच्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा होती. आमचा संघ सहा जणांचा, चार मुलगे आणि दोन मुली. सोबत आमच्या विभागातल्या एक बाई. महाविद्यालयाने सगळ्यांचे एस.टी.चे भाडे दिले होते. बाई आणि मुली एस.टी.ने गेल्या. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट, त्यामुळे त्यांच्याकडे भेळेपुरते पैसे उरले. आम्ही चौघांनी भाडे खिशात घातले आणि दोन मोटारसायकली काढल्या. ही कल्पना माझी. स्टँडवर ताटकळायचे कशाला, स्पर्धा लवकर संपली तर प्रीतिसंगमावर जाता येईल, वगैरे कारणे मी दिली. एका सरांनी तेवढे विचारले, "गाडीनं जाताय का रे?" मी म्हणालो, "सर, कराडलाच तर जायचंय." सर म्हणाले, "बरं, सावकाश जा."

बेत अगदीच केला नव्हता असे नाही. निघायचे किती वाजता, वाटेत मिसळ कुठे खायची, पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे, पोवई नाक्यावर कुणी कुणासाठी थांबायचे, हे सगळे ठरले होते. हेल्मेटे दोन होती, दोन चालवणाऱ्यांची. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागते ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ते दोघांनाही सक्तीचे आहे, आणि पुण्यात शिकणारा माझा आतेभाऊ त्यापायी दंड भरून आला होता. पण तो कायदा पुण्यात. इथल्या इथे कशाला?

निघताना आईने विचारले, "परत कधी?" मी म्हणालो, "येतो की." त्या दिवसाच्या आमच्या बेतात परतीविषयी असलेली नोंद एवढीच.

बक्षीस समारंभ पत्रिकेत चार वाजता होता. प्रमुख पाहुण्यांना यायला साडेसहा झाले. तोवर एका विद्यार्थिनीने तीन भावगीते म्हटली, सूत्रसंचालकाने पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या गैरहजेरीतच दोनदा करून दिला. साडेपाचला आमच्या बाई उठल्या आणि दोन्ही मुलींना घेऊन निघाल्या. "मुलींना घरी पोचायला अंधार नको," असे त्यांनी संयोजकांना सांगितले, आणि संयोजकांनाही ते लगेच पटले. आम्ही चौघे मनात हसलो. कारण पहिले बक्षीस आमच्यातल्या एकाला होते, फिरती ढाल आम्हांला मिळणार होती, आणि ती घ्यायला कुणीतरी थांबायला हवे होते.

ढाल मिळाली साडेसातला. ती आणायची कशी, याचा बेत नव्हताच. माझा मित्र, ज्याने ती जिंकली होती, तो माझ्या मागे बसला आणि ढाल त्याने दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

उंब्रज मागे पडल्यावर एका ठिकाणी कामासाठी रस्ता वळवला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचा प्रकाश डोळ्यांवर येत होता. माझा वेग साठच्या आसपास असेल; मी काही उडवत नव्हतो, हे मी घरच्यांना, पोलिसांना आणि स्वतःला अनेकदा सांगितले आहे. दगड दिसला तेव्हा तो दिव्याच्या उजेडात होता आणि चाकापासून फार तर पंधरा-वीस हातांवर. ट्रॉली केव्हाच निघून गेली होती.

मला गुडघ्याला आणि कोपराला खरचटले. हेल्मेटवर डाव्या बाजूला बोटभर खोल चरा पडला. माझ्या मित्राचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

एक टेम्पो थांबला. त्याचा चालक खाली उतरला, पण हात लावायला क्षणभर कचरला, "पोलिसांचं मागं लागेल" म्हणाला. हेही इथे सांगून ठेवतो: अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही, असे कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. त्या भल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, तरी त्यानेच १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत स्वतःच्या टेम्पोचे दिवे लुकलुकते ठेवून आमच्या मागे उभा राहिला.

मित्राचा जबडा सहा आठवडे तारांनी बांधलेला होता. वक्तृत्वात पहिला आलेला मुलगा पाटीवर लिहून आईकडे पाणी मागत होता, आणि नळीने पेज पीत होता. त्याला भेटायला गेलो की काय बोलावे ते मला सुचत नसे, आणि त्याला बोलता येत नसे. एकदा त्याने पाटीवर लिहिले, "ढाल कुठे आहे?" ढाल कार्यालयाच्या कपाटात होती. तिचा एक कोपरा चेपला आहे; अजून तसाच आहे.

त्यानंतर मी थोडा हिशेब केला. कलाशाखेचा विद्यार्थी असलो तरी त्रैराशिक येते. पन्नास किलोमीटर ताशी साठने गेले तर पन्नास मिनिटे लागतात. ऐंशीने गेले तर साडेसदतीस. वाचली साडेबारा मिनिटे. महाविद्यालयासमोरच्या टपरीवर एका चहाला आम्ही याहून अधिक वेळ बसतो. दुसरा हिशेब असा की, ताशी साठ म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. दगड दिसला, तो दगड आहे हे कळले आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एक सेकंद जातोच. म्हणजे माझ्या ब्रेकचा त्या रात्री काही संबंधच आला नाही. दिवस असता तर तोच दगड मला शंभर मीटरांवरून दिसला असता, आणि मी शीळ घालत बाजूने गेलो असतो.

मग केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे पाहिले. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हेल्मेट नसताना दुचाकीवर मेलेली ५०,०२९. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. चालवणाऱ्याच्या हातात निदान ब्रेक असतो. मागच्याच्या हातात काय असते? आमच्या बाबतीत ढाल होती.

आता सहाध्यायांना आणि प्राध्यापकांना, दोघांनाही थोडे सांगायचे आहे. आगाऊपणाबद्दल क्षमा असावी.

मित्रहो, दोघे जाणार असाल तर हेल्मेटे दोन घ्या. दुसरे मिळत नसेल तर एस.टी. आहे. सातारा-कराड रस्त्याला एस.टी.चा तोटा नाही. रेल्वेचे म्हणाल तर साताऱ्याचे स्टेशन माहुलीला आणि कराडचे ओगलेवाडीला, दोन्ही गावाबाहेर, म्हणून ती आपल्या उपयोगाची नाही. एस.टी. मात्र स्टँडापासून स्टँडापर्यंत नेते, आणि तिच्या खिडकीत बसून भाषण पाठ करता येते. मोटारसायकलनेच जायचे असेल तर आधी परतीची वेळ ठरवा आणि तिथून मागे मोजत या. जानेवारीत साडेसहाला अंधारून येते. म्हणजे कराड साडेपाचच्या आत सोडले पाहिजे. मधल्या वेळेत जे बसेल ते करायचे. प्रीतिसंगम बसत नसेल तर तो पुढच्या खेपेला. कृष्णा आणि कोयना तिथून कुठे जात नाहीत.

गुरुजनांना विनंती अशी. साडेपाचला बाई मुलींना घेऊन निघाल्या ते योग्यच झाले. परंतु "अंधार नको" हे फक्त मुलींच्याच बाबतीत कसे खरे? महामार्गावरचा दगड समोरून मुलगा येतो आहे की मुलगी हे पाहत नाही. मुलग्यांना कुणी विचारत नाही, कारण मुलगा म्हणजे कसाही आणि केव्हाही येईल, अशी आपली समजूत. आणि कुणी विचारलेच तर आम्हांला तो अपमान वाटतो. या दोन्ही गोष्टी जायला हव्यात. स्पर्धेचा संघ गेला तर एकत्र जावा, एकत्र यावा, आणि भाडे रोख हातात न देता तिकिटे पाहून द्यावे. हे लिहिल्यावर वर्गात माझे स्वागत कसे होईल याची मला कल्पना आहे.

आणि बक्षीस समारंभ. याबाबत आपण स्वतःही निर्दोष नाही. आपल्या स्नेहसंमेलनात मागच्या वर्षी पारितोषिके रात्री पावणेनऊला वाटली गेली, आणि पाटण तालुक्यातली मुले त्यानंतर घाट चढून घरी गेली. पाहुणे अडीच तास उशिरा येतात हे त्यांचे मोठेपण असेल. पण बाहेरगावच्या मुलांना तोवर बसवून ठेवणे हा कुणाचा मोठेपणा? ठरल्या वेळी पाहुणे आले नाहीत तर प्राचार्यांनी बक्षिसे द्यावीत. नाहीतर सगळ्यात ज्येष्ठ शिपाईकाकांनी द्यावीत. ढाल ढालच राहते. यंदाच्या विद्यार्थी मंडळाच्या सभेत मी हे मांडले. "पाहुण्यांना काय वाटेल?" असा प्रश्न आला आणि विषय पुढच्या सभेवर गेला. ती सभा अजून झालेली नाही.

दरम्यान त्याच स्पर्धेचे पत्रक पुन्हा आले आहे. सूचना फलकावर लागले आहे: बक्षीस समारंभ दुपारी चार वाजता. मी त्याखाली पेन्सिलीने लिहिले, "नक्की?" दुसऱ्या दिवशी पाहतो तो ते कुणीतरी खोडून टाकले होते.

माझा मित्र आता बोलतो. बराच वेळ बोलले की डावीकडे जबडा अडतो, मग तो मध्येच थांबतो आणि हाताने चोळतो. यंदा तो स्पर्धेत नाही, ऐकायला येणार आहे. परवा ग्रंथालयाच्या पायरीवर मी त्याला विचारले, कसे जायचे? तो म्हणाला, "एस.टी.नं. येताना खिडकी माझी. आणि ढाल मिळालीच, तर ती तू धर."